तात्या विंचूला आता पेन्शन द्या

तात्या विंचूइतका राबलेला नोकर महाराष्ट्रात दुसरा नसेल. 1993 साली महेश कोठाऱ्यांनी या बाहुल्याला ‘झपाटलेला’ सिनेमात कामाला लावलं आणि तेव्हापासून दिवाळी असो, नाताळ असो की मे महिना, सुट्टी आपली आणि ड्युटी त्याची. ऊस तोडायला गुजरातेत गेलेली आमच्या सातपुड्यातली माणसंसुद्धा पावसाच्या तोंडावर घरी परततात. तात्याला तेवढीही मुभा नाही. भुवयांच्या मधोमध गोळी खाऊन तो संध्याकाळी मरतो आणि पुढच्या सणाला मुकाट्याने हजेरी लावतो.

याला आपण परंपरा म्हणतो. ‘आमच्या घरात दर दिवाळीला झपाटलेला लागतोच’, हे वाक्य लोक आंब्याच्या कलमाबद्दल सांगावं तशा अभिमानाने सांगतात. मला यात अभिमानाचं काही दिसत नाही. मला दिसते ती कंगाली. 2011च्या जनगणनेत आठ कोटींच्या वर माणसांनी मराठी ही मातृभाषा नोंदवली. एवढ्या माणसांच्या भाषेत आजी, बाप आणि नातू एका सतरंजीवर बसून पाहतील असा अद्भुत, हसवणारा सिनेमा हवा असेल तर तीस वर्षांहून मागे हात घालावा लागतो, आणि त्या रिकाम्या कपाटाचंच आपण कौतुक करत बसलो आहोत.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याला राहते. दिवाळीत दोन्ही भाऊ येतात, एक सुरतेहून, एक पुण्याहून. सुरतेची पोरं मला फोई म्हणतात, पुण्याची आत्या, आणि गल्लीतली फुई. म्हणजे घरात बोलीभाषांचं संमेलनच भरलेलं असतं. फराळाची ताटं उचलली की पुण्याचा भाऊ रिमोट हातात घेतो आणि आपल्या लेकरांना जाहीर करतो की आता बापाच्या बालपणीचा खजिना उघडणार. त्यानंतरचे तीन तास तो टीव्हीकडे बघतच नाही, पोरांच्या तोंडाकडे बघतो. हसली का? घाबरली का? प्रत्येक संवाद तो लक्ष्याच्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेच्या, आधी स्वतःच म्हणून टाकतो. परीक्षा पोरांची नसते, बापाची असते. आपलं बालपण अजून चालतं का, एवढंच त्याला तपासून घ्यायचं असतं.

आणि हे सगळं जाहिरातींच्या फटींतून. तात्याने डोळे वटारले की गुडघेदुखीचं तेल येतं. बाहुला बोलू लागला की सिमेंट येतं. सिनेमा थोडा, सिमेंट फार. आमच्याकडे त्यात वीज जाते, इन्व्हर्टरची बॅटरी मान टाकते, आणि वीज येईपर्यंत लक्ष्या अरुंद गल्लीतून थेट शेवटच्या मारामारीत पोचलेला असतो. मधलं कोणाला कळत नाही आणि कोणाचं अडतही नाही, कारण मोठ्यांना तोंडपाठ आहे आणि लहानांना मोबाईल आहे. गेल्या दिवाळीत गल्लीतलं एक चिमुरडं मात्र उशी पोटाशी धरून सगळ्यात पुढे बसलं होतं. त्याने मला विचारलं, “फुई, हाऊ बाहुला मरस का नही?” मी म्हटलं, “नही रे बाबा, याले कोणी मरू देत नही.”

गैरसमज नको. माझं भांडण सिनेमाशी नाही. तो सिनेमा पक्का आहे. मूळ कल्पना अमेरिकेच्या ‘चाइल्ड्स प्ले’ या 1988च्या भयपटातली आहे हे जगजाहीर आहे. मरणाऱ्या गुंडाचा आत्मा मंत्राने बाहुल्यात शिरतो आणि त्याला बाहेर पडायचं तर पहिल्यांदा ज्याला गुपित सांगितलं त्याच्याच देहात. पण तिकडे जो रक्ताळ भयपट होता त्याला कोठाऱ्यांनी इकडे आणून हवालदार, आई, गावातली खोड्याळ माणसं आणि घाबरट लक्ष्या यांच्यात असा सोडून दिला की तो या मातीतलाच वाटावा. दिलीप प्रभावळकरांचा तात्या आणि रामदास पाध्यांचा बाहुला ही जोडी नुसती चांगली नाही, ती कारागिरी आहे. पाध्यांच्या घरात बाहुल्यांचं काम वडिलांपासून आलेलं, य. के. पाध्यांचा अर्धवटराव महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या पाहिला. संगणकाची करामत तेव्हा हाताशी नव्हती. बाहुला सेटवर खरोखर होता, त्याची मान खरोखर वळत होती, आणि त्याच्यामागे माणसाचा हात होता. म्हणून आजचं पोरगंही, ज्याने मोबाईलवर डायनासोर आणि आग ओकणारे ड्रॅगन पाहिलेत, ते उशी सोडत नाही.

आणि लक्ष्मीकांत बेर्डे. 16 डिसेंबर 2004ला हा माणूस गेला. आज जी पोरं त्याला पाहून लोळतात त्यांपैकी एकानेही त्याला जिवंतपणी पाहिलेलं नाही. विनोदी नटाला याहून मोठं प्रमाणपत्र कोण देणार? पण हीच गोष्ट उलट बाजूने पाहा. मुलांना हसवायचं कंत्राट आपण एका दिवंगत माणसाला दिलेलं आहे आणि जिवंतांना त्यातून मोकळं सोडलं आहे.

त्या काळात हे एकटं झाड नव्हतं. 1982मध्ये ‘एक डाव भुताचा’ आला होता. 1990च्या ‘धडाकेबाज’मध्ये बाटलीतला गंगाराम होता आणि कवट्या महाकाळ होता, मराठीतला पहिला सिनेमास्कोप तो, म्हणजे मोठा पडदा पहिल्यांदा उघडला तो बाटलीतल्या माणसासाठी. तेव्हा मराठी सिनेमावाले ग्रामीण, हुल्लडबाज, पुणेकरांनी नाक मुरडावं असे होते. समीक्षकांनी त्यांना पाचकळ म्हटलं. मग हळूहळू मराठी सिनेमा शहाणा झाला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळू लागले, तो महोत्सवांना जाऊ लागला, आणि शहाणपणाची पहिली किंमत मुलांनी मोजली.

शहाण्या मराठी सिनेमातल्या मुलाचं काय होतं पाहा. ‘श्वास’मध्ये त्याची दृष्टी जाते. ‘टिंग्या’मध्ये त्याचा बैल जायची वेळ येते. ‘एलिझाबेथ एकादशी’त सायकलवर गदा येते. ‘किल्ला’त बाप आधीच गेलेला. ‘नाळ’मध्ये आई आपली नव्हे हेच कळतं. पोरगं मराठी सिनेमात शिरलं की त्याचं काहीतरी जातंच. हे सिनेमे वाईट आहेत असं मी म्हणाले तर माझी जीभ झडेल. ‘टिंग्या’ पाहताना मी हमसाहमशी रडले आहे. पण हे मुलांविषयीचे सिनेमे आहेत. ते मोठ्यांनी बघायचे, मोठ्यांनी रडायचं, मोठ्यांनी बक्षीस घ्यायचं. भाऊबीजेच्या दुपारी पोटात अनारसे असलेल्या आठ वर्षांच्या पोराला ‘श्वास’ लावून देणारा बाप मला दाखवा, मी त्याचा सत्कार करते, आणि मग त्या पोराला माझ्या घरी घेऊन येते.

कोणी म्हणेल, ‘बोक्या सातबंडे’ आला होता, ‘चिंटू’ आला होता, त्याचा दुसरा भागही आला होता. आले होते. त्यांना मी मानते. पण तीस वर्षांत बोटांवर मोजता यावं एवढंच काम झालं, हे सांगायला तुम्हाला बोटं लागतात, यातच सगळं आलं. फास्टर फेणेचं तर काय केलं! भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा तो किडकिडीत शाळकरी पोरगा, ज्याच्यासाठी दोन पिढ्यांनी सायकली आपटल्या. 2017ला त्याच्यावर सिनेमा आला तेव्हा तो मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसणारा घोडा झाला होता. मराठीतला सगळ्यात प्रसिद्ध मुलगा पडद्यावर आणायचा ठरलं आणि पहिला निर्णय काय झाला, तर तो मुलगा नको.

पुढची गंमत ऐका. त्या सिनेमाचे दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. त्यांनीच 2024मध्ये ‘मुंज्या’ काढला. कोकणातला मुंज्या, पिंपळावरचा, आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडचा. सिनेमा हिंदीत. देशभर चालला, शंभर कोटींच्या वर धंदा केला, आणि आमच्या घरची तिन्ही बोलींची पोरं तो पाहून आठवडाभर अंधारात एकटी शू करायला गेली नाहीत. दिग्दर्शकाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पैसा जिकडे, पडदा तिकडे. पण ‘मराठीत भुताला गिऱ्हाईक नाही’ असं जे निर्माते सांगत होते त्यांनी आता तोंड कुठे लपवायचं? भूत मराठी, दिग्दर्शक मराठी, गाव मराठी. फक्त धाडस हिंदीत करावं लागलं.

ज्या माणसाने या देशात कथापट सुरू केला तो मुळात जादूगार होता, हे आपण विसरलो आहोत. दादासाहेब फाळके आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरचे. आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादूचे प्रयोग करत. मुंबईत गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, बायकोलाही नेऊन दाखवला, आणि आपले देव असे पडद्यावर कधी येणार या ध्यासाने ते पछाडले. 1917च्या ‘लंकादहन’मध्ये त्यांनी लंका पेटवली. 1919च्या ‘कालिया मर्दन’मध्ये स्वतःच्या लहानग्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण करून नागाच्या फण्यावर नाचवली. पैसा नव्हता, दागिने गहाण पडले, कॅमेरा हाताने फिरवायचा. तरी पहिला विचार अद्भुताचा. आणि ज्यांच्या हातात आज साध्या फोनमध्ये फाळक्यांच्या स्वप्नातही नव्हती एवढी यंत्रं आहेत ते आम्हाला सांगतात, ‘बजेट नाही हो ताई.’

बजेट. बरं, मालेगावला जाऊ. आमच्याकडून एसटीने निघालं तर दुपारपर्यंत पोचता येतं. तिथे यंत्रमागाच्या खडखडाटात नासिर शेख नावाच्या व्हिडिओ पार्लरवाल्याने 2000च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’. सुपरमॅन कोण, तर शफिक नावाचा काडीसारखा यंत्रमाग कामगार. खलनायक कोण, तर ज्याला गावातली घाण प्रिय आहे असा इसम. हिरवं कापड ताणलं, त्यापुढे शफिकला आडवा धरला, आणि मालेगावचा माणूस आकाशात उडाला. त्यावर फैजा अहमद खान यांनी केलेला माहितीपट जगभर दाखवला गेला, आणि 2025ला त्याच मंडळींवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा मोठा हिंदी चित्रपट आला. म्हणजे कामगारांनी पगारातून पैसे काढून, कुटुंबाने बसून पाहावा असा अद्भुत विनोदी सिनेमा खान्देशाच्या वेशीवर करून दाखवला. मुंबईच्या मराठी निर्मात्याला मात्र अनुदानाचा अर्ज भरूनही एक चेटकीण परवडत नाही.

चेटकिणीवरून आठवलं. रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ हे बालनाट्य 2018मध्ये पुन्हा रंगमंचावर आलं, वैभव मांगलेंची चेटकीण झाली, आणि लोकांनी पोरांना कडेवर घेऊन रांगा लावल्या. मुंबई-पुण्याची पोरं ते पाहू शकली. आमच्या जिल्ह्यात असला दौरा म्हणजे दुष्काळात पाऊस. पण नाटकाने एक गोष्ट सिद्ध केली: गिऱ्हाईक रांगेत उभं आहे. दुकानदारच शटर ओढून बसलाय.

मल्याळम बोलणारे मराठी बोलणाऱ्यांच्या निम्मेही नाहीत, जेमतेम साडेतीन कोटी. त्यांनी 1984मध्ये ‘माय डियर कुट्टिचातन’ केला. भारतातला पहिला थ्रीडी सिनेमा, आणि तो मुलांसाठी. तोच ‘छोटा चेतन’ होऊन आमच्या खेड्यापाड्यांत आला आणि पोरांनी कागदी चष्मे महिनोन्‌महिने जपून ठेवले. आपल्याकडे थ्रीडी आला तो 2013ला. कशात, तर ‘झपाटलेला 2’मध्ये. तोच बाहुला, फक्त पडद्याबाहेर हात काढलेला. तिसऱ्या भागाचीही घोषणा झालेली आहे. तात्याला सेवानिवृत्ती नाहीच. त्याला मुदतवाढ मिळते, मग पुन्हा मुदतवाढ. नवा बाहुला जन्माला घालायचं कोणाच्या मनातही येत नाही.

आता एका वेगळ्या जातीच्या आक्षेपाकडे वळते. दर दिवाळीत आमच्या गावातला कोणी ना कोणी सुशिक्षित गृहस्थ मला बजावतो की असले सिनेमे अंधश्रद्धा वाढवतात. इतर जिल्ह्यांत हे हसण्यावारी नेता येईल. नंदुरबारमध्ये नाही. इथे सातपुड्याच्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवतात. घरात मूल आजारी पडलं, बैल मेला, की भगत, म्हणजे मांत्रिक, नाव घेतो, आणि ते नाव बहुतेक वेळा एखाद्या एकट्या बाईचं असतं, जिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे. मग मारहाण, गावाबाहेर काढणं, आणि खूनही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या लोकांनी या प्रथेविरुद्ध इथे वर्षानुवर्षं काम केलं आहे. जादूटोणाविरोधी कायदा 2013च्या डिसेंबरात मंजूर झाला, आणि त्यासाठी आधी 20 ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा बळी जावा लागला.

तेव्हा मी त्या गृहस्थांना खोटं उत्तर देणार नाही. ‘झपाटलेला’त बाबा चमत्कार या मांत्रिकाचा मंत्र खरा ठरतो, हे खरं आहे. पण त्या सिनेमात मंत्राने कोण मोठं होतं? एक गुंड लाकडाचा ठोकळा होऊन बसतो आणि लहान पोरांच्या टाळ्यांवर हरतो. मंत्राची जिथे टिंगल होते तिथे भगताची भीती थोडी तरी ढिली पडते. डाकीण ठरवणारा माणूस कधीही हसत नसतो. आणि हेच गृहस्थ रोज रात्री ज्या मालिका पाहतात, ज्यात सासू लिंबू-मिरची उतरवते आणि सून खरोखर झपाटलेली निघते, त्यात तर विनोदाचा कणही नसतो. तिथे त्यांचं विवेकवादी रक्त का तापत नाही? मुलांचा सिनेमा सोपा सापडतो म्हणून?

माझा खरा राग मात्र पुढचा आहे. अद्भुत सिनेमात जंगल आलं की आदिवासी येतो, आणि आदिवासी आला की डोक्यात पिसं खोचून, भाला नाचवत, अर्थ नसलेल्या आरोळ्या ठोकत येतो. हिंदीने हे केलं, मराठीनेही केलं, शाळांच्या स्नेहसंमेलनांत तर झाडपाला गुंडाळून दरवर्षी करतात. ज्या जिल्ह्यात शंभरातली एकोणसत्तर माणसं आदिवासी आहेत, तिथलं पोरगं सुट्टीत आश्रमशाळेतून घरी येतं, टीव्हीपुढे बसतं, आणि त्याला पडद्यावर आपला बाप असा दिसतो. सगळे हसतात. त्यानेही हसायचं असतं. कौटुंबिक मनोरंजन म्हणे. कोणाच्या कुटुंबाचं?

पिसं आमच्याकडे आहेत, पण तुमच्या सिनेमातली नव्हेत. सातपुड्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीला या. मोरपिसांचा टोप, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरं, अंगभर नक्षी, असे बावा आणि बुध्या रात्रभर नाचतात, आणि पहाटे होळी पेटते. ते ज्या दिवसांत तो वेश धरतात त्या दिवसांत त्यांची पालनी असते: खाटेवर झोपायचं नाही, अमुक खायचं नाही, तमुक शिवायचं नाही. त्या वेशाला नियम आहेत, अर्थ आहे, आणि खदखदून हसवणारी सोंगंही त्यातच आहेत. याहा मोगी देवीच्या, राजा पांठाच्या, गांडा ठाकूरच्या गाथा रात्र रात्र गायल्या जातात. त्यात दुष्काळ आहे, धान्य आहे, रूप बदलणारी माणसं आहेत. पडद्यासाठी आणखी काय हवं? पण त्या गाथांना हात घालायचा तर ज्यांच्या त्या आहेत त्यांनाच कॅमेऱ्यामागे बसवा. तशी पोरं इथे आहेत. टिमलीच्या गाण्यांचे व्हिडिओ आणि अहिराणीतले विनोदी तुकडे ती फोनवर काढतात आणि लाखो लोक पाहतात. मराठी चित्रपटसृष्टीला त्यांचा पत्ता नाही, एवढंच.

बरं, गाथांना हात लावायची हिंमत नसेल तर साध्या गोष्टी घ्या, मी फुकट देते. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीटखिडकी या राज्यात आणि स्टेशनमास्तरांची खोली त्या राज्यात. मधल्या बाकड्यावर एक भूत बसवा, ज्याचा अर्धा देह दारूबंदीत आहे आणि अर्धा नाही. त्याची तक्रार कोणत्या पोलिसांनी घ्यायची, मंत्र कोणत्या भाषेत म्हणायचा, आणि घोषणा चार भाषांत चालू असताना भुताने आपलं नाव कसं ऐकायचं? किंवा सारंगखेड्याला या. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, देशभरातून जनावरं येतात, आणि दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात. एका पोराला असा घोडा मिळू द्या जो बोलतो, पण फक्त खरं बोलतो, आणि तेही गिऱ्हाईक समोर असताना. नंदुरबारच्या मिरचीबाजारात, जिथे लाल पथाऱ्यांवरून वारा आला की अख्खं गाव शिंकतं, तिथे शिंकेबरोबर मनातलं बोलून टाकायची साथ येऊ द्या. यातल्या एकालाही हेलिकॉप्टर लागत नाही.

2015मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सवाल्यांना मराठी सिनेमाला चांगली वेळ द्यायला लावलं तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वेळ मिळाली. त्या वेळेत मुलांसाठी काय ठेवलं? दिवाळीच्या आठवड्यात मराठी पोराला थिएटरात न्यायचं तर आमच्याकडून सुरत गाठावी लागते, तिथे हिंदी किंवा हिंदीत बोलणारे इंग्रजी सुपरहिरो, आणि पॉपकॉर्नच्या बादलीला शेतमजुराची दिवसाची मजुरी. मग भाऊ म्हणतो, “जाऊ दे ताई, घरीच झपाटलेला लावू.” आणि चक्र पूर्ण होतं. निर्माता म्हणतो प्रेक्षक नाही, प्रेक्षक म्हणतो सिनेमा नाही, आणि दोघांच्या मध्ये तो बिचारा बाहुला मान वळवत बसतो.

पण सगळं निर्मात्यांवर ढकलून वाचकाला मोकळं सोडायची माझी तयारी नाही. लक्ष्याच्या स्मृतिदिनी त्याचे फोटो टाकणाऱ्यांनो, तात्याचे संवाद मोबाईलच्या रिंगटोनला लावणाऱ्यांनो, ‘चिंटू’ लागला होता तेव्हा तुमच्यापैकी किती जण तिकीट काढून गेलात? आठवणी फुकट मिळतात म्हणून त्या काढायला तुम्हाला आवडतात. नव्या सिनेमाला पैसे पडतात.

तेव्हा एवढं करा. मराठीत मुलांसाठी, हसवणारा, काहीतरी अशक्य घडवणारा सिनेमा पुन्हा कोणी काढला तर पोरांना घेऊन पहिल्याच आठवड्यात जा. दुसऱ्या आठवड्यात तो पडद्यावर नसतो.